लघुउद्योगातील नेमणूक करार : सही करण्यापूर्वीचा सल्ला

एखादा लहान कारखाना उभारताना यंत्रसामग्री, कर्ज आणि बाजारपेठ यांचा बारकाईने विचार केला जातो. नोकरवर्गाशी करावयाचा करार मात्र पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या आस्थापनेच्या मसुद्यावरून उतरवून घेतला जातो. काम सुरळीत चालू असेतोवर त्या कागदाकडे कोणी पाहत नाही. वाद उद्भवला की त्याच कागदावर कामगाराची उपजीविका आणि मालकाचे भांडवल ही दोन्ही पणाला लागतात.

सही म्हणजे सर्वस्व नव्हे

उभयतांनी सही केली म्हणजे करारातील प्रत्येक अट बंधनकारक झाली, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ अन्वये कायदेशीर व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. म्हणून ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या धंद्यात काम करणार नाही’ ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. नोकरीच्या मुदतीतील बंधनाची गोष्ट निराळी आहे. सेंच्युरी स्पिनिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये असे बंधन ग्राह्य धरले. तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची विजया बँकेची अटही २०२५ मध्ये वैध ठरली. कोणती अट टिकेल व कोणती नाही, हे तिच्या शब्दयोजनेवर आणि वाजवीपणावर अवलंबून असते. तज्ज्ञाची गरज आहे ती येथेच.

जुना मसुदा, नवा कायदा

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा रक्कम वेतनातच धरली जाते. मुदतबंद नेमणुकीवरील कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळतो. नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. पूर्वीच्या मसुद्यात या गोष्टी असणे शक्य नाही. शिवाय ‘व्यवस्थापक’ असे पद लिहिल्याने कोणी कामगार असण्याचे थांबत नाही. प्रत्यक्ष काम कोणते, हे पाहिले जाते.

सल्लागाराची निवड

दिवाणी वा फौजदारी काम पाहणारा प्रत्येक वकील कामगार कायद्यात निष्णात असतोच असे नाही. कामगार न्यायालयातील त्याचा अनुभव किती, नेमके काम कोणते आणि शुल्क किती, हे आधीच विचारून शक्यतो लेखी घ्यावे. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविण्यास वकिलांना मनाई आहे. भेटीस जाताना कामगारांची संख्या, प्रत्येकाचे काम, वेतनाचा तपशील आणि आजवर दिलेली पत्रे बरोबर असावीत. संख्येला विशेष महत्त्व आहे : दहा कामगार झाले की सामान्यतः राज्य विमा, उपदान आणि महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, तर वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी, अशा जबाबदाऱ्या येतात.

विनामूल्य साहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे यांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. महिलेस यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पापड उद्योग वा शिवणकेंद्र चालविणारी उद्योजिकाही पात्र ठरते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करता येतो. पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी ही माहिती गावात पोहोचविल्यास अनेकांची धावपळ वाचेल.

वकिलाने तपासलेला करारही कामगाराला समजत नसेल तर अपुराच म्हणावा लागेल. म्हणून तो कामगाराच्या भाषेत असावा, सहीपूर्वी त्याला वाचून दाखवावा आणि एक प्रत त्याच्या हाती द्यावी. तसे केल्यास कोणत्या अटी मान्य केल्या, हा वाद बहुधा उद्भवतच नाही.