तुमचा कोड नेमका चालतो कुठे?

रिअॅक्टचं नवं प्रोजेक्ट उभं करायला आज फारसा वेळ लागत नाही. टर्मिनलवर एक कमांड, दोन-चार प्रश्नांची उत्तरं, मग ‘एनपीएम रन डेव्ह’, की लोकलहोस्टच्या ५१७३ पोर्टवर पान हजर. (जुने व्हिडिओ अजून ‘क्रिएट रिअॅक्ट अॅप’ शिकवतात. ते २०१६ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअॅक्टच्याच टीमने ते मोडीत काढलं. इथे मी इव्हान यू यांचं व्हीट गृहीत धरलंय.) सगळं इतकं आयतं मिळतं, की कोणता कोड कोणाच्या मशीनवर चालतो हा प्रश्नच पडत नाही. बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

नोड इन्स्टॉल केलं म्हणजे अॅप नोडवर चालतं आणि सर्व्हरवरही नोड हवंच, हा त्यातला पहिला. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड आणलं ते जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवण्यासाठी. साध्या क्लायंट अॅपमध्ये त्याचं काम बिल्ड करणाऱ्या मशीनवरच संपतं. ‘एनपीएम रन बिल्ड’ केल्यावर ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये पडतं ते निव्वळ एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. एनजिनएक्ससारखा कुठलाही सर्व्हर ते पुरवू शकतो. पानं सर्व्हरवर तयार करायची असतील तर गोष्ट वेगळी.

मग ‘डिस्ट’मधल्या इंडेक्स फाइलवर डबलक्लिक का चालत नाही? पान कोरं दिसतं, आणि बिल्ड बिघडलं असं वाटतं. बिल्ड ठीक असतं. फाइल थेट डिस्कवरून उघडली की ब्राउझर जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स लोड करू देत नाही. बिल्ड तपासायचं तर ‘एनपीएम रन प्रिव्ह्यू’ करा आणि ४१७३ पोर्टवर बघा. ‘लोकलला तर चालतंय’ म्हणण्याआधी हे करावंच, कारण डेव्ह सर्व्हर आपल्या फाइल्स सुट्या देतो आणि बिल्डमध्ये त्या एकत्र बांधलेल्या असतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र गुपितांबद्दलचा आहे. ‘एपीआय की डॉट ईएनव्हीमध्ये ठेवली, आता काळजी नाही.’ व्हीटमध्ये नावाच्या सुरुवातीला ‘व्हीट’ हा उपसर्ग असलेलं व्हेरिएबल कोडमध्ये वापरलं, की बिल्डच्या वेळी त्याची किंमत जशीच्या तशी जावास्क्रिप्टमध्ये छापली जाते. ती फाइल प्रत्येक ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उतरते, आणि डेव्हटूल्स उघडून शोध घेणाऱ्याला की सापडते. मिनिफिकेशनने कोड आखूड होतो, कुलूपबंद होत नाही. गिटइग्नोरही फक्त गिटपुरतं. त्यातही व्हीटच्या तयार साच्यात ‘डॉट लोकल’ने संपणाऱ्या फाइल्स वगळलेल्या असतात, साधी डॉट ईएनव्ही नाही. ती आपणच नोंदवावी लागते.

याचा अर्थ ब्राउझरमध्ये एकही की दिसता कामा नये, असाही नाही. रेझरपेच्या चेकआउटमध्ये ‘की आयडी’ उघड असतो. ‘की सिक्रेट’ मात्र सर्व्हरवरच राहायला हवा. ऑर्डरची रक्कमही सर्व्हरनेच ठरवायची, ब्राउझरकडून आलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही. गूगल मॅप्सची कीसुद्धा पानात दिसतेच. ती आपल्याच डोमेनवरून चालेल असं बंधन घालणं हा तिथला उपाय.

सीओआरएसच्या एररवर तर कमालीचे उपचार चालतात. कोणी फ्रंटएंडच्या रिक्वेस्टमध्येच परवानगीचा हेडर घालून बघतं. त्याचा उपयोग शून्य, कारण तो हेडर सर्व्हरच्या उत्तरात यावा लागतो. ‘पोस्टमनमध्ये चालतंय, मग ब्राउझरच बिघडलाय’ हेही चूक. दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर परवानगीशिवाय पानाला द्यायचं नाही, हा नियम पाळतो तो ब्राउझर, पोस्टमन पाळत नाही. म्हणूनच सीओआरएसला एपीआयचा पहारेकरी समजू नये; लॉगिन आणि अधिकार सर्व्हरवर तपासावेच लागतात. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी टाकली की एरर जाते खरी, पण ती प्रॉक्सी व्हीटच्या डेव्ह आणि प्रिव्ह्यू सर्व्हरपुरती. लाइव्ह गेल्यावर ती नसते, आणि एरर परत येते.

पॅकेज-लॉक ही फाइल अडगळ समजून उडवणारेही भेटतात. पॅकेज डॉट जेसनमध्ये आवृत्तीआधी छपराचं चिन्ह असतं, म्हणजे त्याच मेजर आवृत्तीतलं पुढचं काहीही चालेल. नेमकं काय बसलं, ते लॉक फाइल सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका मेंटेनरला फसव्या ईमेलने गंडवून चॉक, डीबग अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर चढवल्या गेल्या. काही तासांत त्या काढल्या, पण त्या वेळात लॉकशिवाय इन्स्टॉल करणाऱ्याला त्या मिळू शकत होत्या. लॉक फाइल गिटमध्ये ठेवावी आणि बिल्ड मशीनवर ‘एनपीएम सीआय’ वापरावं.

शेवटचा नेहमीचा प्रश्न: लाइव्ह साइटवर आतलं पान रिफ्रेश केलं की ४०४ का येतो? आतले पत्ते राउटरने ब्राउझरमध्येच रचलेले असतात, सर्व्हरवर तशी फाइल नसते. अनोळखी पत्त्याला इंडेक्स फाइल द्यायला सर्व्हरला सांगितलं की प्रश्न मिटतो. त्यातून दुसरा निघू शकतो. नव्या डिप्लॉयनंतर जुन्या टॅबने जुनी जावास्क्रिप्ट फाइल मागितली, तर तिच्याऐवजीही एचटीएमएल मिळतं आणि अॅप कोसळतं. म्हणून असेट्सच्या फोल्डरला हा नियम लावू नये, तिथे सरळ ४०४ द्यावा, आणि मागच्या बिल्डच्या फाइल्स काही दिवस सर्व्हरवर राहू द्याव्यात.