कुंडीतली माती टाकून द्यावी का?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या व्हरांड्यातील टोमॅटोची रोपे एकामागून एक माना टाकू लागली. पाणी वेळेवर होते, पानांवर मावा नव्हता, बुरशीही नव्हती. दुपारी मलूल झालेले रोप संध्याकाळी पुन्हा ताठ होई. अखेर एक रोप उपटले, तेव्हा मुळांवर गाठीच गाठी दिसल्या. नववीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "चवळीच्या मुळांवरही गाठी असतात. मग या चांगल्याच ना?"

प्रश्न रास्त होता. चवळीवरच्या गाठी रायझोबियम जिवाणूंच्या असतात. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि कापल्यास आत गुलाबी दिसतात. टोमॅटोवरच्या गाठी तशा सुटेनात, कारण तिथे मूळच फुगले होते. हे काम मेलॉयडोगायनी नावाच्या सूत्रकृमीचे. त्याची पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. ती मुळात शिरतात, तिथल्या पेशी फुगतात आणि पाणी वर जाण्याची वाट अडते. एक मादी काहीशे अंडी घालते आणि उबदार मातीत सुमारे महिनाभरात पुढची पिढी तयार होते.

आता अठरा कुंड्यांच्या मातीचे काय करायचे? आमचे शिपाईमामा म्हणाले, "बाई, ती माती मी नेतो, वांग्याच्या वाफ्यात टाकतो." बरे झाले त्यांनी विचारले! वांगी, भेंडी, काकडी ही सारी या सूत्रकृमीची आवडती पिके. कुंडीतला उपद्रव कुंडीत राहतो, शेतात गेलेला परत आणता येत नाही.

माती गच्चीवर पसरून चार दिवस ऊन द्यायचे, ही आपल्याकडची रीत. त्याने हुमणीच्या अळ्या उघड्या पडतात आणि कावळे-साळुंक्या त्या वेचतात, हे खरेच. पण पसरलेली माती तासाभरात सुकते, आणि सुकलेल्या अवस्थेत अंडी व बीजाणू उष्णता बरीच सोसतात. ओलसर उष्णता मात्र त्यांना लवकर मारते, कारण पाण्याच्या सान्निध्यात पेशीतली प्रथिने कमी तापमानाला गोठतात. हे वर्गात दाखवता येते. एका परीक्षानळीत कोरडी मटकी आणि दुसरीत रात्रभर भिजवलेली मटकी घ्या. दोन्ही नळ्यांना बूच लावून त्या ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास धरा आणि मग दोन्ही मटक्यांना मोड आणायला ठेवा. कोरडीला मोड येतील, भिजवलेली बहुधा कुजेल.

याच तत्त्वावर इस्राएलमधील जाकोव्ह कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून रोगकारक बुरशी मारण्याचे प्रयोग केले आणि ते १९७६ साली प्रसिद्ध केले. प्लास्टिक पारदर्शकच का? काळा कागद स्वतः तापतो आणि बरीचशी उष्णता वरच्या हवेला देऊन टाकतो. पारदर्शकातून प्रकाश थेट मातीपर्यंत पोचतो, माती तापते, आणि वाफ व उष्णता आत अडकून राहतात. शेतात याला चार ते सहा आठवडे लागतात. कुंडीची माती थोडी असल्याने काम सोपे.

आम्ही केले ते असे. जुनी मुळे वेचून जाळली. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओली केली. पारदर्शक पिशवीत १०-१५ सेंटीमीटरचा थर भरून तोंड बांधले, ती पिशवी दुसऱ्या मोठ्या पारदर्शक पिशवीत घातली आणि मध्ये हवा राहू दिली. दोन प्लास्टिकमधली हवा गोधडीचे काम करते. अशा दुहेरी आवरणात ६० अंश तापमान एक तास किंवा ७० अंश अर्धा तास मिळाले तरी पुरते, मात्र ते थराच्या मधोमध मिळायला हवे. म्हणून प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापी मधोमध खोचून मुलांकडून रोज दुपारी नोंद घ्यावी. (घरचा ताप मोजण्याचा तापमापी वापरू नये, ४२ अंशांपुढे तो निकामी होईल.) पिशव्या अधूनमधून उलट्या कराव्यात. मुहूर्त एप्रिल-मेचा, पावसाळ्यात हा उद्योग फुकट जातो.

मग चुलीवर माती उकडून एकदाच सगळे का मारू नये? कॅलिफोर्निया विद्यापीठातील केनेथ बेकर यांनी रोपवाटिकांसाठी याचे उत्तर दिले होते. ६० अंशांची वाफ अर्धा तास दिली की बहुतेक रोगकारक मरतात, पण पुष्कळ उपयोगी जिवाणू तगतात. शंभर अंशांपर्यंत नेलेल्या मातीत अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मरतात, अमोनिया साठतो आणि मुळे करपतात. शिवाय रिकाम्या घरात चोर शिरावा तशी बाहेरून आलेली एखादी बुरशी अशा मातीत बिनधास्त पसरते. वरून उकळते पाणी ओतणेही फारसे उपयोगी नाही. ते तळापर्यंत पोचता पोचता कोमट होते.

कीटकनाशकाचे दाणे टाकण्याचा सल्ला अजूनही मिळतो. कुंड्यांत सर्रास टाकले जाणारे फोरेट अत्यंत विषारी असून २०२० च्या अखेरीपासून भारतात त्यावर बंदी आहे. जिथे मुले हाताने माती कालवतात, तिथे अशा दाण्यांचे नावही नको.

तापवलेल्या मातीत आम्ही चांगले कुजलेले कंपोस्ट आणि थोडी निंबोळी पेंड मिसळली, कुंड्या साबणाने घासून उन्हात वाळवल्या आणि दोन आठवडे थांबलो. तरी सगळ्या कुंड्या एकदम लावल्या नाहीत. प्रत्येक पिशवीतली थोडी माती घेऊन तीत काकडीचे बी पेरले आणि सहा आठवड्यांनी रोपे हलकेच उपटून मुळे धुतली.

सगळी मुळे पांढरी, सरळ होती. एका रोपावर मात्र तीन बारीक गाठी निघाल्या. नोंदवही पाहिली, तर ती पिशवी पाण्याच्या टाकीच्या सावलीत होती आणि तिचा पारा कधीच पन्नाशीपलीकडे गेला नव्हता. ती माती वेगळी बांधून ठेवली आहे, येत्या एप्रिलसाठी. शिपाईमामांनी यंदा वांग्याची दोन रोपे उपटून मुळे दाखवायला आणली.