कच्च्या कैद्याची चिंता

भारतातील तुरुंगांत 2022च्या अखेरीस सुमारे 5 लाख 73 हजार माणसे होती आणि त्यांपैकी दर चारांतील तिघे न्यायाधीन बंदी, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत ‘कच्चे कैदी’, होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हायचे होते. कारागृहातील मानसिक आरोग्याचा विचार याच वर्गापासून सुरू करावा लागतो, कारण शिक्षा लागलेल्या पक्क्या कैद्याला निदान सुटकेचे वर्ष मोजता येते, तर कच्च्या कैद्याला ठाऊक असते ती केवळ पुढची तारीख, आणि न्यायालयात नेण्यास पोलीस पथक मिळाले नाही तर तीही हुकते.

धोक्याची चाहूल लागली की मन अस्वस्थ होते, हे स्वाभाविकच आहे. परंतु धोका टळत नाही आणि तो टाळण्यासाठी काही करताही येत नाही, अशी अवस्था महिनोन्महिने राहिली, की झोप उडते, छातीत धडधडते, अन्नावरची वासना जाते आणि साधे व्यवहारही जमेनासे होतात. यालाच चिंताविकार म्हणतात. संध्याकाळी ‘बंदी’ झाली, म्हणजे बराकीला कुलूप लागले, की दाटीवाटीत अंथरलेल्या पथारीवर घरभाडे कोणी भरले असेल, मुले शाळेत जात असतील का, जामीनदार मिळेल का, हे प्रश्न माणसाला रात्रभर छळतात. जामीन मंजूर होऊनही केवळ पैसे किंवा जामीनदार नाही म्हणून आत राहणाऱ्यांची घालमेल तर अन्यायकारकच म्हटली पाहिजे.

अटकेनंतरचे पहिले काही दिवस विशेष नाजूक असतात. बेअब्रूचा धक्का ताजा असतो आणि दारूचे व्यसन जडलेल्याची दारू एकाएकी तुटल्याने हात थरथरणे, भास होणे, प्रसंगी झटके येणे, असे जिवावर बेतणारे विकार उद्भवतात. त्यांना नाटक समजून दुर्लक्ष करणे हा गंभीर अपराध आहे.

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 103नुसार प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय असणे बंधनकारक आहे आणि अन्यत्र तशी सोय नसल्यास मनोरुग्ण बंद्याला योग्य ठिकाणी हलवता येते. तथापि, गोळीने झोप आली तरी हुकलेली तारीख परत मिळत नाही. म्हणूनच मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 1990पासून चाललेला ‘प्रयास’ हा प्रकल्प, ज्यात सामाजिक कार्यकर्ते बंदी, त्याचे घर आणि न्यायालय यांच्यातील तुटलेला दुवा सांधतात, मानसोपचाराइतकाच मोलाचा ठरतो.

नातेवाइकांनीही दोन गोष्टी अवश्य कराव्यात: बंद्याला आधीपासून मानसिक आजार असल्यास औषधांच्या चिठ्ठ्यांसह तशी माहिती कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्यावी, आणि वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, कारण कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987च्या कायद्यानेच दिला आहे.