टाकीखालचा ‘संप’

हा संप म्हणजे हरताळ नव्हे! माशांच्या टाकीखाली ठेवतात ती गाळणीची टाकी. वरचं पाणी पाइपाने तिच्यात उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. स्पंजावरचे जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात. म्हणून स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुवायचा. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

अकोल्यात ॲक्रिलिक मिळालं ते नावाच्या पाट्या करणाऱ्या दादांकडे. सिलिकॉन त्याला नीट धरत नाही. क्लोरोफॉर्मने जोडतात, पण त्याची वाफ वाईट, तेवढं त्यांच्याकडूनच करून घेतलं.

खरी परीक्षा वीज गेल्यावर. पंप थांबतो, वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. फरशी पुसायची आपणच! तालुक्यात भंडारदरा आहे, घरात दुसरं धरण नको. म्हणून मासे सोडण्याआधी मुद्दाम प्लग काढून पाहा. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली भोक पाडा, हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. तरी संप काठोकाठ गेला, तर पाणी कमी करा.