बदलीचा आदेश आणि मुलांचे मन

बदलीचा आदेश एका व्यक्तीच्या नावे निघतो. स्थलांतर मात्र संपूर्ण कुटुंबाचे होते. नागपूरहून गुवाहाटीला जाताना सामानाची यादी होते, शाळेचा दाखला निघतो. पण मित्र दुरावल्याचे मुलांचे दुःख कोणत्याही यादीत नसते. मग तेच कधी जेवणाच्या ताटावरचा रुसवा, तर कधी धाकट्या भावंडावरचा राग होऊन प्रकट होते.

अशा वेळी "नवे मित्र मिळतील" हे सांत्वन घाईचे ठरते. आधी भावनेला नाव मिळावे : "मैत्रिणींची आठवण येऊन तुला वाईट वाटते आहे का?" मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांनी प्रौढांवर केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चित्रातील चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगताना मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावल्याचे आढळले. मुलांजवळ असे शब्द अद्याप पुरेसे नसतात. ते त्यांना मोठ्यांकडून उसने घ्यावे लागतात.

भावना मान्य करणे म्हणजे वर्तन मान्य करणे नव्हे. रागावण्याची मुभा असावी, मारण्याची नसावी. आणि "मलाही जुने घर आठवते" असे आईवडिलांनी मोकळेपणाने म्हणावे. दुःख बोलून दाखवता येते, हे मुले त्यातूनच शिकतात.