जुन्या डिझेल पिकअपला शक्तिवर्धक साहित्य बसवावे काय?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतमालाची वाहतूक आता बैलगाडीवर राहिलेली नाही. कन्नड, फुलंब्री व खुलताबाद भागातील अद्रक, लासूर स्टेशनचा कांदा, पाचोडची मोसंबी आणि जाधववाडीच्या बाजारात पहाटे उतरणारा भाजीपाला हा माल बहुतांशी लहान मालमोटारींतून, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील पिकअपमधून येतो. यांतील पुष्कळ गाड्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या असून दुसऱ्या अथवा तिसऱ्या धन्याकडे आलेल्या असतात. गाडी चढावर दमू लागली म्हणजे नवी घेण्याची ऐपत नसलेल्या मालकास एक सोपा मार्ग सुचविला जातो. इंजिनाची शक्ती वाढविणारे तयार साहित्य आणावे, ते नटबोल्टांनी बाहेरून बसवावे आणि गाडी पुन्हा नव्यासारखी पळू लागेल, असे त्यास सांगण्यात येते. हे कितपत खरे आहे, याचा विचार पैसे देण्यापूर्वीच झालेला बरा.

प्रथम डिझेल इंजिनाची शक्ती कोठून येते ते समजून घेतले पाहिजे. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन अतिशय तापते, त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलाचा फवारा सोडते आणि तो पेटून पिस्टनला खाली रेटतो. म्हणजे शक्ती वाढवावयाची तर अधिक डिझेल जाळावे लागते आणि ते जाळण्यास अधिक हवा लागते. एक लिटर डिझेलाचे वजन सुमारे ८३० ग्रॅम भरते. ते जाळण्यास निव्वळ हिशेबाने १२ किलो हवा पुरे असली, तरी धूर न होता जळावे म्हणून प्रत्यक्षात १६ ते १७ किलो हवा द्यावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरील या शहरात, उन्हाळ्याच्या दिवसांत, एवढी हवा १५ घनमीटरांहून अधिक जागा व्यापते. डिझेल वाढविले आणि हवा तेवढीच ठेवली, तर जास्तीचे डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. ज्यास गाडीचा जोर समजले जाते तो धूर म्हणजे मालकाच्या खिशातील पैसाच होय.

आता बाजारात मिळणाऱ्या साहित्याकडे पाहू. चिप अथवा ट्यूनिंग बॉक्स या नावाने विकली जाणारी डबी फक्त संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणाऱ्या, कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनालाच लागू पडते. इंधनाच्या नळीतील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी आहे, असा खोटा संदेश ती इंजिनाच्या संगणकास देते. संगणक दाब वाढवितो आणि नोझलमधून अधिक डिझेल पडते. गाडीत जोर आल्याचे जाणवते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पंप, नोझल व पिस्टन यांवर पडणारा ताण त्याच प्रमाणात वाढतो आणि संगणकास त्याची वार्ताही नसते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीस ही डबी मुळी बसतच नाही. तेथे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविण्यात येते किंवा मोठ्या छिद्राचे नोझल घालण्यात येते. दोन्हींचा परिणाम तोच.

मूळ पेटी काढून बसविण्यात येणारे उघडे, शंकूच्या आकाराचे एअर फिल्टर हे दुसरे लोकप्रिय साहित्य आहे. बोनेट उघडताच ते डोळ्यांत भरते, हे खरे. परंतु ते इंजिनाच्या शेजारची तापलेली हवा ओढते. हवा १० अंशांनी अधिक तापली की तिचे वजन सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे ज्या हवेसाठी खर्च केला तीच कमी मिळते. याहून मोठा धोका धुळीचा आहे. काळ्या जमिनीतील कच्च्या वाटांवर मार्च ते जून या काळात जो फुफाटा उडतो, त्यातील बारीक वाळूचे कण रिंग व सिलिंडर यांना घासणीसारखे खातात. शहरातील डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीसाठी तयार झालेले फिल्टर शेतरस्त्यावरील पिकअपला लावणे म्हणजे थोड्या जोरासाठी इंजिनाचे आयुष्य विकणे होय.

मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो. शक्ती त्या मानाने फारच थोडी वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनाला बाहेरून टर्बो बसविणे तर अधिक जोखमीचे आहे. टर्बोसाठी घडविलेल्या इंजिनात पिस्टन, त्यास थंड ठेवणारी ऑइलाची व्यवस्था, हेड गॅस्केट व रेडिएटर हे सर्व त्या बेताने योजलेले असते. अल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनची मिश्रधातू त्याहीपूर्वी दुबळी होते. लांब चढावर डिझेल वाढवून गाडी रेटली असता पिस्टनचा माथा जळण्याचे प्रकार होतात ते यामुळेच. डिझेलाच्या नळीवर लावण्याचे लोहचुंबक व पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या डब्या यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. चुंबकाने डिझेल बदलत नाही, आणि हायड्रोजन काढण्यास अल्टरनेटरची जी वीज लागते ती इंजिनाच्याच शक्तीतून येते व परत मिळते ती त्याहून कमी.

या ठिकाणी एक हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. मालासह ३ टन वजनाची पिकअप दर १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने नेण्यास चाकांशी सुमारे २५ अश्वशक्ती लागते. गिअर व धुऱ्यांतील घट धरली तरी इंजिनाकडून २८ ते २९ अश्वशक्ती पुरते. २,५२३ घनसेंटिमीटरच्या जुन्या बोलेरो पिकअपची मूळ शक्ती ६० अश्वशक्तीच्या आसपास होती. तेव्हा चाळीसगावकडून कन्नडकडे येताना औट्रम घाटात एखादी गाडी रास्त भार असूनही पहिल्या गिअरवर येत असेल, तर कारखान्याने तिला शक्ती कमी दिली असे नसून दिलेली शक्ती कोठेतरी गळते आहे. आणि तीच गाडी साडेचार टनांपर्यंत भरली असेल, तर चाकांशी ३७ अश्वशक्ती लागू लागते. तेथे दोष इंजिनाचा नसून भाराचा आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भार नेल्यास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड कायद्याने सांगितला आहे.

गळती शोधण्याचे काम सामान्य गॅरेजमध्ये होऊ शकते. सुरुवात एअर फिल्टर व डिझेल फिल्टर यांपासून करावी. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी होस तडकलेले अथवा क्लॅम्प सैल असल्यास दाबलेली हवा बाहेर जाते, गाडी दमते व काळा धूर टाकते. ही दुरुस्ती अगदी अल्प खर्चाची असूनही सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. त्यानंतर टॅपेट जुळवून घ्यावेत आणि नोझल काढून पंपाच्या दुकानात त्यांचा फवारा व दाब तपासावा. चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवून थांबविल्यावर एखाद्या चाकाचा हब इतरांपेक्षा तापलेला लागला, तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिला आहे. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातलेले असल्यास ते काढावेत, कारण मोठ्या चाकाने ओढण्याचा जोर घटतो.

धुराचा रंगही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण जपून उघडले असता धपधप वाफ बाहेर येत असेल, तर रिंगा झिजल्याची शंका घेऊन कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. असे झिजलेले इंजिन प्रथम उतरवून बोअर-पिस्टनचे काम केले पाहिजे. त्यावर चिप बसविणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला तुतारी लावण्यासारखे आहे. तो चार पावले जोराने टाकील व मग बसेल.

कायद्याची बाजूही मालकाने दृष्टीआड करू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२अ अन्वये परवानगीविना बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. धुराच्या तपासणीत भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल गाडीस ६५ व भारत स्टेज चारच्या गाडीस ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. डिझेल वाढविलेली गाडी येथेच अडकते. अपघातानंतर विमा कंपनीने असा बदल दाखवून दावा अडविला, तर नुकसान साहित्य विकणाऱ्याचे होत नाही.

बाहेरून बसविण्याच्या सर्वच वस्तू टाकाऊ आहेत असे मात्र नाही. धूळ अगोदर वेगळी करणारा प्री-क्लीनर, डिझेलातील पाणी वेगळे करणारा सेपरेटर आणि चालकास दिसेल असा पाण्याच्या तपमानाचा खात्रीचा काटा या वस्तू शक्ती वाढवीत नसल्या तरी असलेली टिकवितात. खर्च करावयाचाच असेल तर तो येथे करावा. ब्रेक लायनर व ब्रेकचे ऑइल यांचा खर्चही यापूर्वीच केलेला असावा, कारण चढ वेगाने चढणारी गाडी पलीकडे उतरतेही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अद्रक व मोसंबीच्या काढणीपूर्वी आपल्या गावातील पिकअप मालकांना ही तपासणी करवून घेण्यास सांगावे. दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर धुराची तपासणी करून दोन्ही आकडे, तसेच एका टाकीत भरलेल्या मालासह किती किलोमीटर अंतर काटले, हे वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या मालकास समजावून देण्यासाठी ही वही विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.