गाळलेल्या मजकुरातले एक अक्षर

सारख्याच पाण्यात आणि सारख्याच आचेवर शिजवले, तरी एका तांदळाचा भात मोकळा होतो आणि दुसऱ्याचा आसट. यामागे मुख्यतः स्टार्चचा अमायलोज हा घटक असतो. तो भरपूर असला की शीत शिताला चिकटत नाही. हे अमायलोज घडवणारे विकर ‘वॅक्सी’ नावाच्या जनुकावरून तयार होते. उष्ण प्रदेशांतल्या अनेक इंडिका वाणांत या जनुकाचे काम जोमाने चालते, तर जपानसारख्या देशांतल्या जपॉनिका वाणांत मंदावलेले असते. 1990च्या दशकात संशोधकांनी दोन्हींचा मजकूर ताडून पाहिला, तेव्हा कळीचा फरक एका अक्षराचा निघाला. नवल असे, की ते अक्षर विकराच्या कृतीत येतच नाही. ते पेशी गाळून टाकते त्या भागातले आहे.

गाळलेले अक्षर भातावर परिणाम कसा करते?

सजीवांची जनुके सलग नसतात, हे फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी 1977मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. 1993चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. जनुकाची आरएनए-नक्कल तयार झाली की तिच्यातले मधले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापले जातात आणि उरलेले एक्सॉन जोडले जातात. या काटछाटीला स्प्लायसिंग म्हणतात. ते करणारे यंत्र म्हणजे स्प्लायसिओसोम. पाच छोटे आरएनए आणि शंभराहून अधिक प्रथिने मिळून ते बनते. कापायचे कुठे, हे त्याला इंट्रॉनच्या दोन टोकांच्या खुणांवरून कळते.

सगळ्या खुणा मात्र सारख्या ठळक नसतात. मोडी लिपीत शब्दांमध्ये अंतर नसते; शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने संदर्भाने ठरवायचे. पेशीतल्या कच्च्या खुणांचेही तसेच आहे. तिथे स्प्लायसिंग घटक नावाची प्रथिने आरएनएवर बसून ‘इथे काप’ किंवा ‘हे राहू दे’ असे सुचवतात. त्यांतले एसआर प्रथिनांचे कुळ माणसात 12 सदस्यांचे आहे. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपात ते 18 सदस्यांचे आहे. सूचना बदलली की एकाच जनुकातून वेगळा संदेश निघतो. प्राण्यांत अशा वेळी बहुधा एखादा एक्सॉन वगळला जातो. वनस्पतींत बहुधा एखादा इंट्रॉन तसाच राहून जातो.

आता तांदळाकडे परत येऊ. वॅक्सीच्या पहिल्या इंट्रॉनच्या आरंभी ‘जी’ हे अक्षर हवे. जपॉनिकात तिथे ‘टी’ आहे. खूण कच्ची झाल्याने इंट्रॉन पुरतेपणी कापला जात नाही, पक्के संदेश कमी बनतात आणि अमायलोज घटते. ‘डल-1’ या तांदळाच्या उत्परिवर्तित वाणांत ते आणखी घटते. 2007मध्ये त्याचे कारण कळले : डल-1 हे जनुक स्प्लायसिओसोमचाच एक घटक घडवते. तो बिघडला की कच्च्या खुणेचा वॅक्सी अडखळतो. मूळची पक्की खूण असलेल्या वॅक्सीला मात्र फारसा फरक पडत नाही. नियंत्रणाला वाव मिळतो तो कच्च्या जागी.

त्याच जागेतून हवामानही आत शिरते. दाणे भरताना थंडी असेल तर जपॉनिकातले हे स्प्लायसिंग सुधारते आणि अमायलोज वाढते. उकाडा असेल तर घटते. म्हणजे एकाच वाणाचा, एकाच शेतातला तांदूळ गार वर्षी आणि उष्ण वर्षी वेगळा शिजू शकतो.

उजेडाचीही वर्दी इथवर पोचते. अरॅबिडॉप्सिसच्या आरएस-31 या एसआर प्रथिनाच्या संदेशाची काटछाट उजेडात एक आणि अंधारात दुसरी होते. त्याच्या उपयोगी संदेशाचे प्रमाण उजेडात अधिक असते. अर्जेंटिनातील संशोधकांच्या पुढाकाराने 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हा बदल नेहमीच्या प्रकाशग्राही प्रथिनांवर अवलंबून नाही. निरोप हरितलवकांतून, प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषणातून निघतो. मुळांतही हा बदल होतो, पण पानांशी संबंध तोडला की थांबतो. म्हणजे ज्या प्रथिनांनी इतर संदेशांची काटछाट ठरवायची, त्यांचीच काटछाट पानावर पडणारे ऊन ठरवते.

झाडाला सावलीत सरकता येत नाही की थंडीत घर गाठता येत नाही. हाती असलेला मजकूर परिस्थितीनुसार वेगळा वाचणे हा त्याचा एक मार्ग आहे. वाण निवडताना आपण आजवर प्रामुख्याने जनुकांत काय लिहिले आहे ते पाहत आलो. तापत्या हवेत तेवढे पुरणार नाही. कोणत्या खुणा पक्क्या आहेत, कोणत्या कच्च्या, आणि उकाड्यात त्या कशा वाचल्या जातील, हेही पाहावे लागेल. जपॉनिकाच्या कच्च्या खुणेला दोष तरी कसा म्हणावा? तिच्यामुळेच तर कित्येकांच्या ताटातला भात मऊ आहे.